गाडीतला आवाज

१७ नोव्हेंबर

मेरिन,

दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाबांना पुरून आल्यापासून सात वर्षांत आपण एकमेकींना एक अक्षर लिहिलेलं नाही आणि आता माझं अक्षर पाहून तू घाबरणार. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, घरचा पत्ताही नाही. म्हणून हे पत्र मेलबर्नच्या त्या ऑडिओबुक काढणाऱ्या कंपनीकडे पाठवतेय. वर तुझं नाव आईच्या माहेरच्या आडनावासकट घातलंय. ते आडनाव तू लावतेस हे मला कुठे माहीत होतं! मला आधी तुझा आवाज सापडला, नाव मागाहून.

झालं असं, की मुलांनी वाचनालयातून गाडीत ऐकायला एक गोष्ट फोनवर उतरवून घेतली. टपालाची बोट, ती चालवणारी म्हातारी आणि पत्रं खाणारा बोकड. 'बेटावर चार घरं होती आणि पाचही घरांत भांडण होतं,' हे पहिलं वाक्य तू म्हणालीस आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ब्रायडीने विचारलं, "काय झालं गं?" म्हटलं, टायर बघते. मग उतरून चारही टायरना लाथा घातल्या आणि तोंड पुसून परत येऊन बसले.

मुलांना तू कोण ते सांगितलेलं नाही. तू गेलीस तेव्हा ब्रायडी दोन वर्षांची होती. नेड तर तेव्हा नव्हताच, तो आता पाच वर्षांचा आहे. दोघं तुला 'बाई' म्हणतात. "बाईला लाव ना, आई!" गाडीत बसल्याबरोबर हेच. तू बोकडाचा आवाज काढतेस तेव्हा नेड इतका हसतो की त्याला उचकी लागते. सांगेन कधीतरी. घाई कसली आहे?

खरं म्हणजे मी तुला हे लिहायला बसले नव्हते. मेरिन, मला भीती वाटतेय. दोन हिवाळे पाऊस असा पडलाच नाही. ओढा कोरडा आहे, धरणात चिखल आहे आणि मागच्या डोंगरावर पडलेली झाडांची साल पायाखाली पापडासारखी मोडते. माझा वॉरिक गावच्या आगीच्या बंबावर स्वयंसेवक आहे हे तुला माहीतच आहे. आगीच्या धोक्याचा दिवस जाहीर झाला की तो बंबावर जातो आणि मी मुलांना घेऊन सकाळीच खोऱ्याबाहेर बेअर्न्सडेलला निघते. आग कुठे नसते, धूर नसतो, तरी निघायचं. आग दिसल्यावर निघालेले पोचत नाहीत, हे बाबांचं वाक्य. दिवसभर पोहण्याचा तलाव, वाचनालय, नदीकाठी सॉसेज, आणि जाता-येता गाडीत तुझी गोष्ट.

मुलं या दिवसांना 'गोष्टीचा दिवस' म्हणतात. बंबघरासमोर धोक्याची पाटी आहे ना, सुई असलेली, तिची सुई लाल टोकाला गेली की ब्रायडी टाळ्या पिटते. माझ्या काळजात धस्स होतं आणि मी हसते.

आता तू म्हणशील, मी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतंस. 'लिओनी, हे खोरं एक दिवस जळणार, विका आणि बाहेर पडा.' मी म्हटलं, पुरे. तू थांबली नाहीस. पुन्हा म्हटलं, मेरिन, पुरे! बाबांना पुरून आलेली माणसं हातात सँडविच घेऊन ऐकत होती आणि तुझा तोंडाचा पट्टा चालूच. त्याचा राग मला अजून आहे, हे पत्र म्हणजे माफी नव्हे. पण आवाज छान आहे तुझा. तो आधीही होता.

लिओनी


१६ डिसेंबर

मेरिन,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र पोचलं नसेल किंवा पोचलं असेल आणि तू नाक वर करून बसली असशील. दुसऱ्याची शक्यता जास्त.

या महिन्यात चार गोष्टीचे दिवस झाले. उत्तरेकडे डोंगरापलीकडे मोठी आग लागलीय. अजून लांब आहे, पण सकाळी कपड्यांच्या दोरीवर राख असते. वॉरिक घरी येतो तो झोपायला. परवा जेवताना त्याच्या हातातला काटा खाली पडला आणि तो वाकून उचलायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "फार वाईट आहे का?" तो म्हणाला, "वारा आहे तसा राहिला तर नाही." मग म्हणाला, "मीठ दे." वारा आहे तसा राहणार नाही हे दोघांनाही माहीत आहे.

तुला इथल्या दक्षिणेच्या वाऱ्याची आठवण असेल. उन्हाने दिवसभर जीव नकोसा झाला की संध्याकाळी तो गार वारा येतो आणि माणसं व्हरांड्यात येऊन हुश्श करतात. आगीच्या वर्षी त्याच हुश्शने माणसं मरतात. वारा वळला की आगीची लांबलचक बाजूच तिचं तोंड होते आणि पुढे धावते. हे मला कळतं, तरी पाठीला गार वारा लागला की अंग सैल पडतंच.

गोष्टीबद्दल लिहिते, मला बरं वाटेल. आमचा नियम झालाय की प्रकरण अर्धवट सोडायचं नाही. म्हणून घरी पोचलो तरी आम्ही अंगणात गाडीतच बसून राहतो. गुरुवारी वॉरिक दारात येऊन उभा राहिला. "तुम्ही आत येणार की मी तिथेच ताटं आणू?" ब्रायडीने ओठांवर बोट ठेवलं. बिचारा येऊन पुढच्या सीटवर बसला, अंगाला धुराचा वास, बूट अजून पायात. म्हातारीने बोकडाला बोटीतून उतरवायची धमकी दिली तेव्हा तो नेडपेक्षा मोठ्याने हसला. आम्ही चौघं एका जागी दहा मिनिटं शांत बसलोय असं गेल्या महिन्याभरात दुसऱ्या कशाने झालेलं नाही. हे तुझ्यामुळे झालं, ते लिहायला मला जड जातंय.

ब्रायडी आता कप्तान आहे. फोन तिच्या ताब्यात. मधेच कुणाचा मेसेज आला की तुझा आवाज तुटायचा, 'टिंग' व्हायचं आणि नेड किंचाळायचा. "टिंग मेलं पाहिजे!" काल ब्रायडी म्हणाली, "आई, मी टिंग घालवलं. आता गोष्ट सुरू झाली की ते येतच नाही." मी म्हटलं, शाब्बास गं कप्तान. नऊ वर्षांच्या मुलीला फोनमधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नाताळाच्या शुभेच्छा. नाइलाजाने देतेय असं समज.

लिओनी


५ जानेवारी

मेरिन,

आम्ही चौघं जिवंत आहोत. बातम्यांत आपल्या खोऱ्याचं नाव ऐकलं असशील, म्हणून घाईने लिहितेय. बेअर्न्सडेलच्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये आहोत. अंगावर दुसऱ्यांचे कपडे आहेत, खायला भरपूर आहे, लोक इतके चांगले वागतात की रडू येतं. वॉरिकच्या एका हाताला भाजलंय, बाकी ठीक आहे. घराचं अजून कळलेलं नाही.

नेड सारखा विचारतोय, बोकडाचं काय झालं. ब्रायडी काहीच विचारत नाही. ती परवापासून एक शब्द बोललेली नाही.

लि.


२७ जानेवारी

मेरिन,

घर उभं आहे. शेड गेली, कुंपण गेलं, आईची लिंबाची झाडं गेली. मागचा डोंगर काळा आहे. घर मात्र उभं आहे, आणि हे तुला लिहिताना मला जो आनंद व्हायला हवा होता तो होत नाहीये.

त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायलाच हवं, का ते वाचशील तेव्हा कळेल. सुई लाल टोकाच्याही पलीकडे होती. आम्ही उजाडताच निघालो, सगळं नियमाप्रमाणे. तलाव, वाचनालय, सॉसेज. वारा रात्रीपर्यंत वळणार नाही असं दुपारी सगळे सांगत होते. त्यात नेडला उलट्या सुरू झाल्या, त्याला स्वतःची गादी हवी होती. वारा वळायच्या आत घरी पोचू, त्याला झोपवू, फोनवर काही आलं तर वळून परत येऊ, असा हिशेब मी केला. फोनवर काही आलं नाही. तुझी गोष्ट चालू होती. बोट धुक्यात शिरली होती आणि म्हातारी बोकडाच्या गळ्यातल्या घंटेवरून दिशा ओळखत होती.

शेवटच्या चढावर आकाश आधी पिवळं झालं, मग तांबडं. गार वारा उघड्या खिडकीतून आत आला आणि मला समजलं. पुढे झाड आडवं पडलेलं, मागे धूर. रस्त्याच्या कामाची खडी टाकायला मोकळी केलेली जागा आहे बघ वळणावर, तिथे मी गाडी घातली. बाबांनी शिकवलेलं सगळं हातांनी आपोआप केलं. काचा बंद, झरोके बंद, इंजिन चालू, दिवे चालू, मुलांना सीटच्या खाली घालून अंगावर लोकरीच्या घोंगड्या. मग मी त्यांच्या अंगावर. माझी पाचावर धारण बसली होती, मेरिन. दात वाजत होते, ते नेडच्या डोक्याला लागत होते.

आणि तू वाचत होतीस.

बाहेर तो आवाज, तो कसला होता ते मी लिहू शकत नाही. आणि आत तू, शांतपणे, धुक्यातल्या घंटेबद्दल. नेड हूं की चूं न करता ऐकत होता. ब्रायडी माझ्याखालून ओरडायला लागली, "बंद कर! आई, तिला थांबव! थांबव तिला!" मी थांबवलं नाही. नेडला तुझा आवाज ऐकू येत होता म्हणून तो पडून होता. आवाज गेला असता तर तो घोंगडीतून बाहेर आला असता, दार उघडलं असतं. मी विचार केला आणि एका मुलाला निवडलं. ब्रायडी ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत ओरडली आणि तू प्रकरण संपेपर्यंत वाचलंस.

आग वरून गेली. मागची काच तडकली, रंग फुगला, आम्ही जगलो. दुसऱ्या गावचा बंब आला, त्यातल्या माणसाने ब्रायडीला उचलून घेतलं आणि मी त्याला म्हटलं, माझ्या नवऱ्याला फोन करते. फोन उचलला तर त्यावर विमानाचं चिन्ह. विमानात बसल्यावर लावतात ना, सगळं तोडणारं, ते. मी ते काढलं. मग टिंग झालं. टिंग. टिंग. वारा लवकर वळला. खोऱ्यात जाऊ नका. रस्ता बंद होतोय. वॉरिक, वॉरिक, वॉरिक, कुठे आहेस, येऊ नकोस. थांबतच नव्हतं. ब्रायडी त्या माणसाच्या खांद्यावरून ते ऐकत होती. कितवा टिंग होता कोण जाणे, तिला समजलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते समजताना पाहिलं.

मी तिला सांगितलंय, वॉरिकने सांगितलंय, शाळेच्या भल्या समुपदेशक बाईंनीही सांगितलंय की तुझी चूक नाही. नऊ वर्षांच्या मुलीने टिंग घालवलं आणि मोठ्या माणसाने शाब्बास म्हटलं. ती ऐकून घेते आणि मान हलवते. पण घरात आता कसलाच आवाज चालत नाही. पंखा नाही, रेडिओवर गाणं नाही, नळ वाहता ठेवायचा नाही. आवाजाखाली इशारा दडला असेल, अशी तिला भीती आहे. ती फोन हातात धरून जेवते. परवा किटली शिट्टी घालायला लागली तर ती पळत आली आणि उकळती किटली हातांनी उचलली.

आणि तुझा आवाज. नेडला शेवट हवाय. गेल्या मंगळवारी तो टॅबलेट घेऊन शिधा ठेवायच्या खोलीत शिरला आणि दार लावून अगदी हळू गोष्ट लावली. मला ऐकू आलं नाही. ब्रायडीला अंगणात ऐकू आलं. मी पोचले तेव्हा ती टेबलाखाली होती, चड्डी ओली, दोन्ही हात कानांवर, आणि 'थांबव' एवढंच म्हणत होती. नेड बाजूला उभा राहून रडत होता. "मी फक्त बोकडासाठी लावली, आई. फक्त बोकडासाठी."

मला भीती वाटायची ती आगीची. आता आग विझलीय, काळ्या डोंगरावर जळायला काही उरलेलं नाही, आणि मी सकाळी उठते ती तीच भीती घेऊन. ही पोरगी अशीच राहिली तर?

लिओनी


१९ फेब्रुवारी

मेरिन,

तुझं कार्ड मिळालं, या वेळी पत्त्यासकट. सात वर्षांनी दोन ओळी! 'पत्रं सगळी एकदम मिळाली. शनिवारी येते, उरलेली गोष्ट मी स्वतः वाचून दाखवीन.' येऊ का म्हणून विचारणं नाही, काही नाही. जित्याची खोड. मी कार्ड वाचून आधी रडले आणि मग घाबरले. तू दारात उभी राहून 'हॅलो' म्हणशील आणि माझी मुलगी टेबलाखाली जाईल.

तुला येऊ नकोस म्हणून कळवायचं ठरवलं होतं. पत्र लिहूनही झालं होतं. वॉरिक म्हणाला, "एकदा ब्रायडीला विचार तरी." मी म्हटलं, "तिला काय विचारू? तुझ्या भुताला जेवायला बोलावू का?" तो त्याच्या बँडेजकडे बघत म्हणाला, "हो. असंच विचार."

मग मी तिला कोंबड्यांच्या खुराड्याशी गाठलं. काल दुपारी. अंडी शोधताना ती थोडी मोकळी असते. सांगितलं की गाडीतली बाई माझी बहीण आहे. तुझी मेरिन मावशी.

ती अंडं हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "खरी?"

"खरी. मेलबर्नला राहते. नाकाने कांदे सोलते, आणि तिला पोहता येत नाही."

"ती त्या दिवशी वाचत होती तेव्हा तिला माहीत होतं?"

"नाही गं. ती गाडीत नव्हती. तिने ते आधीच कधीतरी वाचून ठेवलं होतं, एका बंद खोलीत. तिला काहीच माहीत नव्हतं."

"मग तिला ऐकू आलं नाही? मी ओरडत होते ते?"

मेरिन, दीड महिना माझ्या मुलीच्या डोक्यात हे होतं. टिंगचं होतं ते होतंच, पण त्याच्याखाली हे होतं. ती थांब म्हणून ओरडत होती आणि गाडीतलं कोणीही थांबलं नाही. मी नाही आणि तूही नाही. तू ऐकूनही वाचत राहिलीस असं तिला वाटत होतं.

मी म्हटलं, "तिला ऐकू आलं नाही. मला आलं. मला नेडची भीती होती म्हणून मी बंद केलं नाही. तू ओरडलीस ते मला रोज ऐकू येतं." तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं. मला बरं वाटलं, कारण इतके दिवस त्या डोळ्यांत काहीच नसायचं.

मग तिने अंडं टोपलीत ठेवलं आणि विचारलं, "ती खरी इथे बसून वाचत असली आणि मी थांब म्हटलं, तर थांबेल?"

मी लगेच हो म्हणाले नाही. मला बाबांना पुरून आलेली, हातात सँडविच धरलेली ती माणसं दिसली. तू आयुष्यात कधी कुणी थांब म्हटल्यावर थांबली आहेस? लहानपणी तू मला गुदगुल्या करायचीस तेव्हा मी रडले तरी थांबायची नाहीस. ब्रायडी वाट बघत होती. मी म्हटलं, "विचारून सांगते."

म्हणून विचारतेय.

तू ये. शनिवारी ये. आम्ही व्हरांड्यात बसू. नेड तुझ्या मांडीवर चढेल, त्याचं मला काही वाटत नाही, त्याला बोकड मिळाला की झालं. ब्रायडी लांब बसेल, पायरीवर, फोन हातात घेऊन. तू पुस्तक उघडशील, तोंड उघडशील आणि ती थांब म्हणेल. पहिल्याच शब्दाला म्हणेल, बहुधा. तेव्हा थांब. शब्द अर्धा असला तर अर्ध्यावर. का म्हणून विचारू नकोस, आता फक्त एवढं वाक्य असं म्हणू नकोस, तिची समजूत घालू नकोस, माझ्याकडे बघू नकोस. नेड रडला तरी थांब, त्याला मी बघते. ती पुन्हा वाच म्हणेपर्यंत गप्प बस. ती वाच म्हणाली की वाच. मग ती पुन्हा थांब म्हणेल, आणि तू पुन्हा थांब. दिवसभर एवढंच चाललं आणि बोट धुक्यातून हातभरही पुढे गेली नाही, तरी चालेल.

तुला हे जमेल की नाही ते मला खरंच माहीत नाही. जमणार नसेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही. पण जमणार असेल तर आधी मला फोन करून कळव, कारण तिने आज सकाळी पुन्हा विचारलं.

लिओनी